पृच्छेचा अधिकार : आद्य कवयित्री महदाइसा

भारतीय स्त्रीच्या उन्नतीचा इतिहास सांगताना बहुतेक लेखक एकोणिसाव्या शतकापासून आरंभ करतात. इ. स. १८२९ मध्ये सतीबंदीचा कायदा झाला, १८४८ मध्ये पुण्यास मुलींची शाळा निघाली, १८५६ मध्ये विधवाविवाहास कायद्याची संमती मिळाली, असा तो क्रम असतो. ह्या शाळेत शिकविण्याचे कार्य ज्या सावित्रीबाई फुले यांनी केले, त्या आमच्याच सातारा जिल्ह्यातील नायगावच्या, ह्याचा आम्हांस सार्थ अभिमान आहे. हा क्रम खोटा नव्हे. परंतु तो अपुरा आहे. मराठी भाषेपुरते बोलावयाचे तर स्त्रीच्या मोठेपणाचा पहिला अध्याय ह्याच्या साडेपाचशे वर्षे आधी, गोदातीरी आणि ऋद्धिपुरी लिहिला गेला. त्या अध्यायाची नायिका एक बालविधवा होती. तिचे नाव महदाइसा.

महदाइसा, महदंबा, रूपाइसा अशा नावांनी त्या पंथीय वाङ्मयात ओळखल्या जातात. आद्य मराठी कवयित्री म्हणून त्यांचा उल्लेख आता शाळेच्या पुस्तकांतूनही होतो. आपल्या मार्गातील लहान मुलासही त्यांचे नाव परिचित आहे. तथापि नाव परिचित असणे आणि जीवनाचा बोध होणे ह्या भिन्न गोष्टी आहेत. कवयित्री म्हणून त्यांना वंदन करून आपण पुढे जातो. त्या कवयित्री का होऊ शकल्या, हे पाहण्यास सहसा थांबत नाही. प्रस्तुत लेखात तेवढेच पाहावयाचे आहे.

महदाइसांचा जन्म गोदावरीच्या खोऱ्यातील, आजच्या जालना जिल्ह्यातील रामसगावच्या विद्वान ब्राह्मण कुळात झाला. वायनायक हे त्यांचे वडील. पुढे पंथाचे आद्य आचार्य झालेले श्रीनागदेवाचार्य हे नात्याने त्यांचे बंधू लागत. घरात शास्त्राचे वातावरण होते, बुद्धी तीव्र होती. पण लहान वयातच वैधव्य आले. तेराव्या शतकातील उच्चवर्णीय विधवेची स्थिती काय होती, हे वाचकांस वेगळे सांगावयास नको. व्रते, उपवास, तीर्थे आणि दानधर्म एवढाच तिचा धर्म. शास्त्र तिच्याविषयी बोले, तिच्याशी बोलत नसे. मंगलकार्यात तिने समोर येऊ नये, शुभप्रसंगी तिचे मुख दिसू नये, अशी लोकरूढी होती. ज्ञानाची ओढ असलेल्या स्त्रीस अशा वेळी एकच वाट मोकळी असे. ती म्हणजे एखाद्या साधुपुरुषाची सेवा. महदाइसांनी प्रथम तीच वाट धरली. दादोस म्हणून प्रसिद्ध असलेल्या रामदेवांचे त्यांनी शिष्यत्व पत्करले. दादोसांचा श्रीचक्रधर प्रभूंशी संबंध आला आणि त्यांच्यामागोमाग त्यांचे कित्येक शिष्यही सर्वज्ञांच्या सन्निधानी आले. त्यांत महदाइसा होत्या.

सर्वज्ञांच्या सन्निधानी येणाऱ्या स्त्रिया काही थोड्या नव्हत्या. बाइसा, आबाइसा, उमाइसा अशी कितीतरी नावे लीळाचरित्राच्या पानोपानी भेटतात. परमेश्वराचे ज्ञान आणि मोक्ष ह्यांवर ज्याप्रमाणे पुरुषाचा, त्याचप्रमाणे स्त्रीचा व शूद्राचाही अधिकार आहे, हे प्रभूंनी केवळ निरूपणात सांगितले नाही, तर त्यांना बोध देऊन व संन्यासाची वाट मोकळी करून आचरणात आणले. जीव हा स्वरूपतः स्त्रीही नव्हे आणि पुरुषही नव्हे. ज्ञान होते ते जीवास, देहास नव्हे. एकदा हे मानले की स्त्रीदेह म्हणून अनधिकार ही भाषाच निराधार ठरते. त्या काळच्या धर्मपीठांना हे मानवले नाही, ह्यात नवल ते काय? स्त्रिया स्वामींच्या मागे जातात हा त्यांच्यावरील आक्षेपांपैकी एक प्रमुख आक्षेप होता.

ह्या सर्व स्त्रियांत महदाइसांचे वेगळेपण कशात होते? सेवेत बाइसा त्यांच्यापुढे होत्या. भक्तीत कोणी कोणास उणे नव्हते. महदाइसांचे वेगळेपण पृच्छेत होते. त्या विचारीत. पाहिले, ऐकले, ते तसेच न स्वीकारता त्या त्याचे कारण विचारीत, अर्थ विचारीत, आधीचे काय आणि नंतरचे काय असे विचारीत. तीर्थांविषयी, आचाराविषयी, पूर्वावतारांच्या चरित्राविषयी त्यांच्या पृच्छा चालत. लीळाचरित्रातील अनेक लीळांच्या आरंभी महदाइसांची पृच्छा आहे आणि तिच्या उत्तरादाखल स्वामींचे निरूपण आहे. ती पृच्छा झाली नसती तर ते निरूपणही आज आपणांस लाभले नसते. स्वामी त्यांना जिज्ञासू आणि चर्चा करणारी म्हणून गौरवीत, आणि ही म्हातारी सदैव काही ना काही विचारीतच असते असे कौतुकाने म्हणत. येथे म्हातारी हा शब्द उणेपणाचा नव्हे, वडीलकीचा व आपुलकीचा आहे.

ह्या एका गोष्टीचा विचार अवश्य करावा. जिच्याशी शास्त्र बोलत नव्हते, तिच्या प्रश्नास साक्षात परमेश्वरावतार उत्तर देत होते. प्रश्न विचारणारी स्त्री उद्धट मानली जाण्याच्या काळात तिचा प्रश्न हाच तिचा गुण मानला गेला. कोणासही थोर मानावयाचे असेल तर त्यास दान द्यावे, आसन द्यावे, आदराने नाव घ्यावे, हे सर्व ठीकच. परंतु त्याच्या प्रश्नास मनापासून उत्तर देणे हा सर्वांत मोठा सन्मान होय. कारण त्यात त्याची बुद्धी आपल्या बुद्धीसमान मानलेली असते. महदाइसांना हा सन्मान मिळाला. त्यांच्या जीवनातील पुढचे सारे वैभव ह्या एका सन्मानातून उगवले आहे.

अशाच प्रसंगांतून विटाळाचाही विचार पुढे आला. रजस्वला स्त्रीने दूर बसावे, कोणास शिवू नये, धर्मकार्यात येऊ नये, ही रूढी तेव्हा निरपवाद होती. सर्वज्ञांनी ह्यावर जे निरूपण केले त्याचा आशय असा की देहाच्या द्वारांतून निरनिराळे मल बाहेर पडतात. नाकातून, कानातून, डोळ्यांतून पडतात, तसाच हाही देहाचा एक धर्म आहे. त्याचा वेगळा विटाळ मानण्याचे कारण नाही. सातशे वर्षांपूर्वीचे हे निरूपण आहे. आज आरोग्यशास्त्राची पुस्तके हेच सांगतात आणि तरीही अनेक घरांतून ती रूढी गेलेली नाही, मार्गातील घरांतूनही सर्वत्र गेलेली नाही, हे प्रत्येकाने आपल्या घरी डोकावून पाहावे.

येथे एक शंका अभ्यासू वाचकांच्या मनात येईल. आचाराच्या सूत्रांत भिक्षूने स्त्रीपासून कटाक्षाने दूर राहावे, इतके की चित्रातील स्त्रीही पाहू नये, असा कडक नियम आहे. मग स्त्रीचा गौरव आणि हा नियम ह्यांचा मेळ कसा बसावा? मेळ बसतो. तो नियम विकाराचा आहे, स्त्रीच्या योग्यतेचा नाही. विकार पाहणाऱ्याच्या ठायी असतो. म्हणून ज्यास तो जिंकावयाचा आहे त्यावर बंधन घातले. तपस्विनींनाही पुरुषसंगाविषयी तितकीच जागरूकता सांगितली आहे. परंतु मधल्या काळात काही जणांनी ह्या नियमाचा अर्थ उलटा घेतला आणि स्त्रीलाच हीन मानण्याचा तो आधार समजू लागले. ज्या प्रभूंनी हा नियम सांगितला त्याच प्रभूंच्या सन्निधानी महदाइसा चर्चा करीत बसल्या होत्या, एवढे स्मरण ठेवले तर असा विपरीत अर्थ करण्यास कोणी धजणार नाही.

इ. स. १२७४ च्या सुमारास सर्वज्ञांनी उत्तरापंथे गमन केले. अनुयायांवर वियोगाचे मोठे दुःख कोसळले. श्रीनागदेवाचार्य, म्हाइंभट, महदाइसा आदी मंडळी ऋद्धिपुरी श्रीगोविंदप्रभूंच्या सेवेत राहिली. अमरावती जिल्ह्यातील हे क्षेत्र मार्गाची काशी होय. श्रीप्रभू अवधूतवृत्तीचे, त्यांच्या लीळा बालवत्. ते रुसत, हसत, अकस्मात् एखादी गोष्ट मागत. एकदा त्यांना विवाहाची प्रवृत्ती झाली. भक्तांनी प्रभूंची इच्छा प्रमाण मानून विवाहाची सर्व सिद्धता केली. मंडप आला, वऱ्हाडी आले, सोहळा सुरू झाला. लग्न म्हटले की वराकडील स्त्रियांनी गाणी म्हणावयाची. त्या गाण्यांना धवळे म्हणत. ते म्हणण्याचे काम महदाइसांकडे आले आणि त्यांनी श्रीकृष्ण-रुक्मिणीच्या विवाहाची कथा धवळ्यांत रचून प्रभूंपुढे गायिली.

मराठी काव्याच्या इतिहासात ह्या प्रसंगास फार मोठे स्थान आहे. पण स्त्रीजीवनाच्या इतिहासात त्याचे स्थान त्याहून मोठे आहे. जिने मंगलकार्यात पुढे येऊ नये असे लोकरूढी सांगत होती, त्याच विधवा स्त्रीच्या कंठातून प्रभूंच्या विवाहाचे मंगलगान निघाले. तिला कोणी मंडपाबाहेर बसविले नाही. ती मंडपात होती आणि तिच्याच शब्दांवर तो सोहळा चालला होता. अपशकुनी म्हणून जिला जगाने बाजूस सारले तिलाच परमेश्वराने मंगलाची वाणी दिली. वैधव्य म्हणजे अमंगळ हा समज किती पोकळ आहे, हे सांगण्यास ह्यापेक्षा निराळे निरूपण नको.

त्या धवळ्यांचा विषयही लक्षात घेण्याजोगा आहे. रुक्मिणीस तिच्या भावाने शिशुपालास द्यावयाचे ठरविले होते. तिने ते मानले नाही. तिने श्रीकृष्णास वरले, आपला निर्धार ब्राह्मणाहाती त्यांना कळविला आणि तो सिद्धीस नेला. अर्थात ही कथा कन्येच्या स्वतःच्या इच्छेची व धैर्याची आहे. कथा पुराणातली असली तरी तिच्या मांडणीत घरगुती लग्नाची सारी लगबग आहे, आईची काळजी आहे, सख्यांची थट्टा आहे. महदाइसांनी पंडितांचा छंद उसना घेतला नाही. बायका लग्नात जे गातात तेच गाण्याचे रूप त्यांनी घेतले आणि त्यात परमेश्वराची लीळा भरली. स्त्रियांच्या ओठांवरील ओवी-धवळ्यांस वाङ्मयाची प्रतिष्ठा आली ती येथे. पूर्वार्ध ऋद्धिपुरी झाला, उत्तरार्ध पुढे जोडला गेला. दोन्ही मिळून धवळ्यांची संख्या दीडशेच्या जवळपास भरते. ह्याच कथेवर त्यांनी मातृकी रुक्मिणीस्वयंवर रचले. त्यात वर्णमालेच्या अक्षरांच्या क्रमाने ओव्या योजिल्या आहेत. अक्षरांचा अधिकार जिला नाकारला होता तिने अक्षरमाळेवरच काव्य गुंफावे, ह्यात मोठा अर्थ आहे.

महदाइसांचे दुसरे कार्य काव्याइतकेच मोलाचे, पण कमी सांगितले जाणारे आहे. म्हाइंभटांनी सर्वज्ञांच्या लीळा एकत्र करण्याचे महत्कार्य हाती घेतले तेव्हा ज्यांनी ज्यांनी ते चरित्र प्रत्यक्ष पाहिले होते त्यांना भेटून, विचारून, पडताळून त्यांनी लीळा लिहिल्या. त्या साक्षींत महदाइसांची साक्ष आहे. स्त्री म्हणून ती कमी मानली गेली नाही. पुढे परचक्राच्या धामधुमीत मूळ पोथी नष्ट झाली, त्या वेळी ज्यांच्या मुखोद्गत पाठावरून लीळाचरित्र पुन्हा सिद्ध झाले त्यांत हिराइसांचे नाव आदराने घेतले जाते. म्हणजे मराठीतील आद्य गद्य चरित्रग्रंथ उभा राहिला तो स्त्रियांच्या साक्षीने, आणि तगला तोही स्त्रीच्या स्मरणशक्तीने. आज आपण पारायणास बसतो तेव्हा ह्या ऋणाचे भान ठेवावयास हवे.

ह्याच संदर्भात श्रीनागदेवाचार्यांचा एक निर्णय सर्वांस ठाऊक आहे. केशिराजबासांसारखे संस्कृतचे पंडित मार्गात आले आणि संस्कृतात ग्रंथरचना करू लागले, तेव्हा आचार्यांनी त्यांना थांबविले. त्याचे कारण त्यांनी दिले ते असे की त्यामुळे आपल्या वृद्ध स्त्रिया त्या ज्ञानास मुकतील. हे कारण किती विलक्षण आहे! आचार्यांनी राजाश्रयाचा, पंडितसभेतील मानाचा विचार केला नाही. जिला संस्कृत येत नाही अशी एखादी वृद्धा डोळ्यांपुढे ठेवून त्यांनी पंथाची भाषा ठरविली. महदाइसांसारखी विचारणारी बहीण ज्यांच्या सोबत होती त्यांना हा निर्णय सुचावा हे स्वाभाविक होय. प्रश्न ज्या भाषेत आला त्याच भाषेत उत्तर गेले पाहिजे, ही त्यामागील दृष्टी आहे.

महदाइसांचा देह नागदेवाचार्यांच्या हयातीतच गेला. त्या केवळ त्यांच्या नात्यातील नव्हत्या, तर धर्माच्या राखणीतील त्यांच्या सहायक होत्या. त्यानंतरच्या काळात पंथाचे ग्रंथ सकळ आदी सांकेतिक लिप्यांत राहिले. त्यामुळे ते सुरक्षित राहिले, परंतु बाहेरच्या महाराष्ट्रास महदाइसा माहीतच नव्हत्या. विसाव्या शतकात लिप्यांचा उलगडा होऊन पंथीय ग्रंथ छापले गेले, धवळे अभ्यासकांपुढे आले, आणि मुक्ताबाई व जनाबाई ह्यांच्याही आधी मराठीत एक कवयित्री होऊन गेली हे मान्य झाले. आज ऋद्धिपुरी मराठी भाषेचे स्वतंत्र विद्यापीठ स्थापन झाले आहे. ज्या गावी धवळे प्रथम गायिले गेले तेथेच आज मराठीचे अध्ययन चालावे, हा योग आनंदाचा आहे.

आता आपल्या काळाकडे वळू. १८४८ पासून आजवर कायद्याने व शिक्षणाने पुष्कळ साधले. महाराष्ट्रात २०११ पासून स्थानिक स्वराज्य संस्थांत स्त्रियांसाठी निम्म्या जागा राखीव आहेत. कृष्णा व तारळी ह्यांच्या संगमावरील उंब्रजसारख्या गावी आज मुली महाविद्यालयात जातात, बायका ग्रामपंचायतीत बसतात, ह्याचे कोणास नवल वाटत नाही. परंतु ह्याच कृष्णेच्या काठाने खाली गेले असता कोल्हापूर जिल्ह्याच्या शिरोळ तालुक्यात हेरवाड हे गाव लागते. तेथील ग्रामपंचायतीने मे २०२२ मध्ये ठराव केला की पतिनिधनानंतर स्त्रीचे कुंकू पुसणे, बांगड्या फोडणे, मंगळसूत्र तोडणे, तिला मंगलकार्यापासून दूर ठेवणे ह्या प्रथा गावात बंद व्हाव्यात. राज्यशासनाने तो ठराव इतर गावांनी अनुकरणीय मानावा असे त्याच महिन्यात कळविले. ठराव स्तुत्यच आहे. पण जी प्रथा प्रभूंच्या विवाहमंडपात तेराव्या शतकात मोडली गेली, ती मोडण्यासाठी २०२२ मध्ये ठराव करावा लागला, ह्याची खंत कोणास वाटली नाही तर आपण पारायणे कशासाठी केली?

कायदा जागा देतो. जागेवर बसलेल्या स्त्रीचे कोणी ऐकले पाहिजे असे तो सांगू शकत नाही. ग्रामपंचायतीत स्त्री सरपंच होते आणि कारभार तिचा पती पाहतो, हे आपण पाहतोच. मुलगी पदवीधर होते आणि तिच्या विवाहाची बोलणी तिला न विचारता होतात, हेही पाहतो. आसन मिळाले, पृच्छा मिळाली नाही. महदाइसांच्या बाबतीत क्रम उलटा होता. त्यांना आसन, अधिकारपद असे काही मिळाले नव्हते. त्यांना उत्तर मिळत होते, आणि त्या उत्तरांतून त्या कवयित्री झाल्या, साक्षी झाल्या, धर्मरक्षक झाल्या.

फलटणचे श्रीचक्रपाणी प्रभूंचे अवतारस्थान ज्या सातारा जिल्ह्यात आहे, त्या जिल्ह्यातील वासनिकांनी तरी हे मनावर घ्यावे. आपल्या आश्रमांतून तपस्विनी आहेत. त्या सेवा करतात, नामस्मरण करतात, आल्यागेल्याचे आदरातिथ्य पाहतात. त्यांच्यापैकी किती जणींस सूत्रपाठाचे साग्र अध्ययन करण्यास वेळ व सोय मिळते? निरूपणाच्या सभेत स्त्रिया मागे बसतात आणि शंका विचारतात ते पुरुष. मागे बसण्याची मर्यादा पाळली तरी मागून प्रश्न येण्यास कोणता नियम आड येतो? महंतांनी निरूपण संपल्यावर आवर्जून माताभगिनींकडे पाहून काही विचारावयाचे आहे काय असे म्हणावे. प्रथम कोणी बोलणार नाही. काही दिवसांनी एखादी बोलेल. तो प्रश्न साधा असला, भाबडा असला, तरी त्याचे पूर्ण उत्तर द्यावे. तसेच वासनिकांनी आपल्या घरच्या विवाहात, अक्षतेच्या वेळी, घरातील विधवा माता, काकी, बहीण ह्यांना पुढच्या ओळीत उभे करावे. ह्यासाठी ठराव नको, खर्च नको, कोणाची अनुज्ञाही नको. ती अनुज्ञा ऋद्धिपुरी केव्हाच मिळालेली आहे.

महदाइसांच्या स्मृतीस वंदन करावयाचे तर ते असे करावे. त्यांचे धवळे मुखोद्गत करणे चांगले. परंतु ज्या पृच्छेतून ते उगवले ती पृच्छा आपल्या लेकीसुनांच्या मुखी जागी ठेवणे अधिक चांगले.